उसन्या रूपाचा खेळ

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे नाव देशभर पोहोचले ते आधी पाण्यामुळे आणि नंतर उपोषणांमुळे. २०११ सालच्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या जंतरमंतरावर आणि पुढे ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर किसन बाबुराव ऊर्फ अण्णा हजारे यांनी जनलोकपाल कायद्यासाठी जी उपोषणे मांडली, त्यांनी पांढऱ्या टोप्यांपासून छापील सदऱ्यांपर्यंत अनेक वस्तूंना बाजार मिळवून दिला. आणि या वस्तूंच्या गर्दीत एक अशीही चीज अवतरली की जिच्याकडे त्या वेळी करमणुकीपलीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ती चीज म्हणजे ‘अँग्री अण्णा’ नावाचा, संगणकावर खेळावयाचा एक खेळ.

या खेळाची घडण समजावयास सोपी होती. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये आणलेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’ या खेळाने तोवर जगभरच्या मोबाइलधारकांना वेड लावले होते. त्यातले संतापलेले पक्षी उठवून त्यांच्या जागी अण्णा व त्यांचे सहकारी बसवावयाचे आणि पक्ष्यांची अंडी पळवणाऱ्या हिरव्या डुकरांच्या जागी राजकारणी मंडळी बसवावयाची, इतकी ती युक्ती होती. नावाचा अर्धा भागसुद्धा मूळ खेळातून जसाच्या तसा आला होता. विडंबन या दृष्टीने ते त्या दिवसांच्या वातावरणाला साजेसे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्या आवडत्या खेळाचा आराखडा घेऊन त्यावर स्वतःचा खेळ रचणाऱ्या सगळ्याच हौशी कर्त्यांपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो या छोट्याशा नमुन्यात नेमका दिसतो. यातले उसने किती, त्यावर मालकी कोणाची, आणि हा उसना खेळ निखळ स्वतःचा करावयाचा झाल्यास त्यातून काय काढावे व काय राहू द्यावे?

गलोल ताणून वस्तू फेकावी, ती वळणदार वाटेने जाऊन रचलेल्या इमारतीवर आदळावी आणि इमारतीसह आतला शत्रू कोसळावा, या मूळ क्लृप्तीपासूनच आरंभ करू. ती रोव्हिओची खासगी मिळकत असावी असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ‘अँग्री बर्ड्‌स’ येण्याच्या काही महिने आधी, त्याच २००९ साली, ‘क्रश द कॅसल’ नावाचा एक खेळ लोकप्रिय झाला होता, ज्यात दगडफेकीच्या यंत्राने किल्ला पाडून आतल्या राजा-राण्यांना गारद करावयाचे असे. आणि त्या खेळाच्या कर्त्यांनीही आपली स्फूर्ती ‘कॅसल क्लाउट’ या त्याहून आधीच्या खेळातून आल्याचे मोकळेपणाने मान्य केले होते. म्हणजे ज्याच्यावरून ‘अँग्री अण्णा’ बेतला गेला तो खेळही या बाबतीत कोणाचा तरी ऋणीच होता. रोव्हिओचे खरे स्वतःचे धन होते ते त्या पक्ष्यांच्या रागीट भुवया, त्यांचे रंग, त्यांचे चीत्कार, त्या डुकरांचे हास्य, पार्श्वसंगीत, एकेका टप्प्याची मांडणी आणि ते नाव.

भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा. संगणकावरचे खेळ त्या वेळी कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते, आणि पुढे झालेल्या दुरुस्त्यांनीही ‘व्हिडिओ गेम’ असे स्वतंत्र कलम त्यात घातलेले नाही. त्यामुळे खेळ हा कायद्याच्या दृष्टीने एकसंध पदार्थ नसून अनेक कृतींचा संयोग ठरतो. त्याची आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते, पात्रे व पार्श्वभूमी ही कलाकृतीत, स्वररचना संगीतकृतीत, संवाद व कथा पुन्हा साहित्यकृतीत, आणि पडद्यावर हलणारी दृश्ये चित्रपटाच्या व्याख्येच्या आश्रयाला जातात. एकाच सातबाऱ्यावर पाचसहा खातेदारांची नावे असावीत आणि प्रत्येकाची संमती वेगळी घ्यावी लागावी, तशीच ही अवस्था आहे. हौशी कर्ता सामान्यतः यातल्या एका खातेदाराचा विचार करतो व बाकीच्यांना विसरतो. आज्ञावली मी स्वतः लिहिली आहे, मग हरकत कोणाची, असे तो म्हणतो, आणि त्या आज्ञावलीने पडद्यावर जे नाचवले ते दुसऱ्याचे आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

कल्पना मोकळी आणि तिची अभिव्यक्ती बंदिस्त, हा या कायद्याचा कणा होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या दाव्यात स्पष्ट केला. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि मोहन सेगल यांचा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट, दोन्हींचा विषय प्रांतिक दुराभिमान हाच होता. तरीही विषय एक असणे म्हणजे चोरी नव्हे, आणि दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा उमटतो की नाही हे पाहावे, असा निकष न्यायमूर्ती फजल अली यांनी घालून दिला. चित्रपट निर्दोष ठरला. या निकषाचा एक गुण असा की तो सामान्य माणसाच्या नजरेवर भिस्त ठेवतो; आणि त्याचा उपद्रव असा की त्यात टक्केवारी नाही. वीस टक्के बदलले की झाले, चार सेकंदांपेक्षा कमी संगीत घेतले तर चालते, अशा ज्या समजुती महाविद्यालयांच्या वसतिगृहांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात, त्यांना कायद्यात तिळमात्र आधार नाही.

नियम आणि रूप यांतला हा भेद भारतातल्या एका खटल्याने जितका उघड केला तितका दुसऱ्या कशानेही केला नसेल. कोलकात्याच्या जयंत व रजत अगरवाला या बंधूंना ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाचा नाद होता. त्यांनी तो संगणकावर खेळता येईल असा करून त्याला ‘स्क्रॅब्युलस’ असे नाव दिले, २००७ मध्ये तो फेसबुकवर आला आणि पाहता पाहता लाखो लोक तो खेळू लागले. ‘स्क्रॅबल’चे हक्क अमेरिका व कॅनडात हॅस्ब्रो कंपनीकडे आणि उर्वरित जगात मॅटेल कंपनीकडे असल्याने दोघींनीही फिर्याद मांडली, मॅटेलची दिल्ली उच्च न्यायालयात आली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी दिलेला अंतरिम निर्णय मोठा बोधप्रद आहे. नावाच्या बाबतीत अगरवाला बंधू हरले: ‘स्क्रॅब्युलस’ हे ‘स्क्रॅबल’शी फसवे साम्य राखणारे असून व्यापारचिन्हाचा भंग करते, म्हणून ते वापरण्यास मनाईहुकूम झाला. परंतु पटाच्या व नियमांच्या बाबतीत मॅटेलला तसा हुकूम मिळाला नाही. खेळ कसा खेळावा ही कल्पना आणि पटावरच्या रंगीत चौकटींची मांडणी ही एकमेकींत इतकी मिसळलेली आहे की मांडणीला संरक्षण देणे म्हणजे खेळालाच मक्ता देणे होय, असे न्यायालयास वाटले. शिवाय ज्या आकृतीची डिझाइन म्हणून नोंदणी करता आली असती पण केली गेली नाही, तिच्या कारखानी पद्धतीने पन्नासांहून अधिक प्रती काढल्या की कलम १५ अन्वये तिच्यावरचा स्वामित्वहक्क संपतो, हाही मुद्दा मॅटेलला नडला.

पुढे अगरवाला बंधूंनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने निकालाहूनही महत्त्वाचे. त्यांनी खेळ टाकला नाही, तो पुन्हा घडवला. ‘वर्डस्क्रेपर’ या अवतारात अक्षरांच्या सोंगट्या चौकोनी न राहता गोल झाल्या आणि खेळाडूला पट आपल्या मनाप्रमाणे आखण्याची मुभा मिळाली. ‘लेक्स्युलस’ या दुसऱ्या अवतारात हाती सातऐवजी आठ अक्षरे आली. २००८च्या अखेरीस हॅस्ब्रोने आपला अमेरिकेतला दावा मागे घेतला. मला स्वतःला या प्रकरणात अगरवालांची न्यायालयीन लढाई जितकी आवडते त्याहून त्यांचे ते आठवे अक्षर अधिक आवडते; कारण सात अक्षरांचा खेळ आठांचा होताच शब्दांच्या शक्यता वाढतात, डावाची गती पालटते, आणि कोर्टाच्या धाकाने केलेला बदल खेळाचाच बदल होऊन बसतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतले. ‘टेट्रिस’ या विटा रचण्याच्या खेळावरून एका कर्तीने आयफोनसाठी ‘मिनो’ नावाचा खेळ केला. तिने बिनविचाराने नक्कल केली नव्हती. नियमांवर कोणाची मालकी नसते हे तत्त्व अभ्यासून, आज्ञावली स्वतः लिहून, तिने तो रचला होता. तरीही २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयात ती हरली. वरून विटा पडतात, ओळ भरली की नाहीशी होते, हा नियम मोकळाच होता. परंतु त्या विटांचे तेच आकार, तीच झळाळी, वीस ओळी व दहा स्तंभांचे तेच मैदान, वीट कोठे पडेल हे दाखवणारी तीच छाया, असे सारे रूप जसेच्या तसे उचलण्याची काही निकड नव्हती, असे न्यायाधीशांनी म्हटले. दुसऱ्या कोणत्याही रूपात तोच नियम मांडता आला असता; तो मांडला नाही, हाच दोष.

यावर हौशी मंडळींचा नेहमीचा बचाव असा, की आम्ही खेळ फुकट देतो, त्यातून दमडी कमावीत नाही. हा बचाव भाबडा आहे. कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापर, अभ्यास, टीका व समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत आहे. स्वतःच्या घरी स्वतःपुरता खेळ करून पाहणाऱ्यास ती कदाचित पांघरता येईल, परंतु तोच खेळ हजारो लोकांना उतरवून घेण्यास ठेवला की खासगीपणा संपला. कलम ६३ अन्वये जाणूनबुजून केलेल्या भंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. व्यापारी लाभासाठी कृत्य केले नसेल तर न्यायालय कारणे नमूद करून त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. म्हणजे फुकटपणाने शिक्षा कमी होऊ शकते, अपराध नाहीसा होत नाही. आणि हा अपराध दखलपात्र व बिनजामिनी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगून टाकले आहे. खेळाच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असे नम्रपणे लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याविषयी तर काय बोलावे! तो बचाव नसून कर्त्याने स्वहस्ते लिहून दिलेला कबुलीजबाब होय.

२०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात निन्टेंडो कंपनीने दोन हौशी खेळ पाठोपाठ बंद पाडले. पहिला, ‘मेट्रॉइड’ मालिकेतल्या दुसऱ्या खेळाची मिल्टन ग्वास्ती या अर्जेंटिनी कर्त्याने अनेक वर्षे खपून केलेली नवी आवृत्ती. दुसरा ‘पोकेमॉन युरेनियम’, ज्यावर कर्त्यांची सुमारे नऊ वर्षे खर्ची पडली होती. दोन्ही खेळ विनामूल्य होते आणि दोन्हींची रसिकांनी वाहवा केली होती. ग्वास्ती यांना पुढे एका नामांकित खेळ कंपनीत नोकरी मिळाली, ही त्यातली समाधानाची गोष्ट. परंतु नऊ वर्षांची मेहनत एका नोटिशीसरशी मातीमोल होणे हा प्रकार कोणाही कारागिराच्या काळजाला चटका लावणारा आहे, आणि म्हणूनच नोटीस येण्याआधीच खेळाचा कायापालट करणाऱ्यांकडून, किंवा आल्यावर न डगमगता तो करणाऱ्यांकडून, शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अशा कायापालटाचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ‘देम्स फायटिन हर्ड्‌स’. ‘माय लिटल पोनी’ या मुलांच्या मालिकेतल्या शिंगरांची एकमेकांशी जुंपून देणारा ‘फायटिंग इज मॅजिक’ नावाचा खेळ ‘मेन सिक्स’ या हौशी गटाने २०११च्या सुमारास करावयास घेतला. तो पुरा होत आलेला असताना फेब्रुवारी २०१३ मध्ये हॅस्ब्रोची काम थांबवण्याची नोटीस दाखल झाली. इतका उशीर झाल्यावर बहुतेकांनी हात टेकले असते. परंतु या गटाने आपल्या कामाचा ताळेबंद मांडला, आणि त्यांना असे दिसले की जे खरोखर त्यांचे होते ते शाबूतच आहे: चार पायांच्या प्राण्याने लढावे कसे याचे त्यांनी शोधून काढलेले शास्त्र. माणसांच्या झुंजीचे खेळ ढिगाने होते. खूर असलेल्या प्राण्यांच्या झुंजीचे गणित, झेपेची उंची, मागच्या पायांची लाथ, शिंगांचा पल्ला, हे त्यांनी स्वतः बसवले होते. गेले ते केवळ चेहरे. आणि चेहऱ्यांची भरपाई करावयास पुढे आली ती कोण? तर मूळ मालिका जिने त्या रूपात साकारली तीच लॉरेन फॉस्ट. तिने या गटासाठी नवी पात्रे रेखाटली: गाय, मेंढी, अल्पाका, रेनडिअर, युनिकॉर्न आणि चिनी पुराणातला लोंगमा. लोकवर्गणीतून पैसा उभा राहिला आणि ३० एप्रिल २०२० रोजी खेळ पूर्णावस्थेत बाहेर पडला. नुसती शिंगरे रंग बदलून आली असती तर तो दुबळा खेळ झाला असता. गाय, मेंढी आणि लोंगमा ही भिन्न जातीची जनावरे आल्यामुळे प्रत्येकाची लढण्याची तऱ्हा भिन्न करावी लागली, आणि खेळ मूळ योजनेहून संपन्न झाला.

‘फ्रीडम प्लॅनेट’ हा २०१४चा खेळही प्रथम सेगा कंपनीच्या ‘सोनिक’ या निळ्या हेजहॉगच्या प्रेमातून जन्मला होता. कर्ता स्टीफन डिडूरो याने वेळीच ओळखले, की आपणास सोनिक नको आहे, आपणास त्याचा वेग हवा आहे. वेगावर कोणाची मालकी नव्हती. तेव्हा नायिका जांभळी ड्रॅगनकन्या झाली आणि सोन्याच्या कड्यांच्या जागी पाकळ्या आल्या. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, ‘ब्लडबोर्न’ या भयाण खेळावरून गाड्यांच्या शर्यतीचा विनोदी खेळ करणाऱ्या लिलिथ वॉल्थर हिला सोनी कंपनीने हटकले, तेव्हा तिने काही महिन्यांत नाव व पात्रे बदलून तो ‘नाइटमेअर कार्ट’ या नावाने प्रसिद्ध केला. तिथे विनोदाचा जीव पात्रांच्या नावांत नव्हताच, म्हणून बदल लवकर झाला.

या साऱ्यांतून कामाचा जो क्रम निघतो तो असा. नाव प्रथम बदलावे, कारण व्यापारचिन्हाचा दावा सर्वांत जलद चालतो व त्यात कर्त्याची बाजू सर्वांत लंगडी असते. मग पात्रे, आणि इथे नुसता रंग पालटून भागत नाही, पात्राची छायाकृती काळ्या शाईने भरली तरी ते मूळचे वाटू नये, अशी कसोटी लावावी. दिल्लीच्या न्यायालयाने १९९७ मध्ये ‘नागराज’ या चित्रकथेतल्या नायकाच्या मालकांच्या फिर्यादीवरून ‘नागेश’ या नायकास रोखले होते; हिरवा वेश व सर्पांची शक्ती हे दोघांतही समान होते, आणि नावाचा शेवट बदलल्याने काही साधले नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये ‘दबंग’मधल्या चुलबुल पांडेच्या निमित्ताने, एखादे पात्र पुरेसे अनन्य असेल तर ते स्वतंत्रपणे संरक्षणास पात्र ठरू शकते, हे तत्त्व मान्य केले आहे. पात्रांमागून ध्वनी व संगीत. नाणे मिळाल्याची ती किणकिण, उडी मारल्याचा तो स्वर, हे मूळ खेळातून काढून घेतलेले तुकडे हौशी खेळांत सर्वांत जास्त सापडतात व सर्वांत शेवटी आठवतात. त्यानंतर टप्प्यांची मांडणी, कारण कोणता खड्डा कोठे व शत्रू कोणत्या वळणावर, ही रचनाही रचनाकाराचीच अभिव्यक्ती असते. आज्ञावली स्वतःची असल्यास बहुधा राहू द्यावी. आणि नियम, गती, डावपेच, म्हणजे ज्यांच्या प्रेमात आपण पडलो होतो ते सारे, निर्धास्तपणे राखावे.

‘अँग्री अण्णा’ला यातले काहीच जमले नव्हते असे नाही, पक्षी व डुकरे गेली होती, म्हणजे पात्रे बदलली होती. मात्र जी आली ती जिवंत माणसे होती, आणि तिथे एक निराळाच हक्क आडवा येतो. प्रसिद्ध व्यक्तीचे नाव, चेहरा व आवाज यांच्या व्यापारी वापरावर तिचा स्वतःचा अधिकार असतो, हे आपली न्यायालये आता वाढत्या ठामपणे सांगू लागली आहेत. गायक अरिजित सिंग यांच्या फिर्यादीत मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसा हुकूम दिला. राजकीय विडंबनाला यातून बरीच मोकळीक आहे व असावीही, परंतु विक्रीसाठी ठेवलेल्या खेळात जिवंत माणसाचा चेहरा वापरताना कर्त्याने आपण विडंबन करीत आहोत की केवळ त्या चेहऱ्याच्या भांडवलावर धंदा करीत आहोत, हे स्वतःस विचारावे.

मला या खेळाचे जे खरे दौर्बल्य वाटते ते कायद्याचे नाहीच. राळेगणसिद्धीच्या माणसाला नायक करून केलेल्या त्या खेळात राळेगणसिद्धी कोठेच नव्हते. आणि खेळ म्हणून पाहिले तर त्या गावात गलोलीपेक्षा कितीतरी सरस सामग्री पडून आहे. पर्जन्यछायेतले, उताराची व उघडीबोडकी जमीन असलेले, दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले हे गाव १९७५ नंतर सावरले ते काही नियमांच्या जोरावर: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणावेत, ताली घालाव्यात, नाल्यांना बांध घालून पाणी जिरवावे, विहिरींची पातळी वाढली तरी उसासारख्या तहानलेल्या पिकाच्या मोहात पडू नये, अडल्यानडल्यांसाठी धान्यपेढी ठेवावी. खेळाच्या कर्त्यास याहून अधिक काय हवे? नियम आहेत, मर्यादित साधने आहेत, मोहाला बळी पडल्यास शिक्षा आहे, जून महिन्याची वाट पाहण्याची धाकधूक आहे, आणि एकाने कुऱ्हाड चालवली तर सगळ्यांचा डाव बिघडतो ही सामुदायिक जबाबदारी आहे.

शिवाय हे सारे कोणाच्याही स्वामित्वाचे नाही. राळेगणने पाण्याचा जो धडा गिरवला त्यात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी चालवलेल्या पाणी पंचायतीच्या प्रयोगाचा वाटा होता. पुढे राळेगणची पंचसूत्री राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत गेली. आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात, १९८९ पासून, तीच पद्धती घेऊन तिच्यात दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद व शेतीसाठी कूपनलिकांना मनाई, अशी आपली भर घातली. एका गावाची पद्धत दुसऱ्याने घ्यावी, तिला आपल्या शिवाराप्रमाणे वळवावे, यासाठी कोणी कोणाकडे इजाजत मागितली नाही, मागण्याची गरजही नव्हती. नेमकी हीच मुभा खेळांच्या नियमांना आहे. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या तरुणाने जपानी ‘हार्वेस्ट मून’ या शेतीच्या खेळावर लहानपणापासून जीव जडवला होता. त्यावरून काही करावे म्हणून तो एकटाच चार वर्षांहून अधिक काळ खपला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जो ‘स्टारड्यू व्हॅली’ बाहेर पडला त्यातले प्रत्येक चित्र, प्रत्येक सूर व प्रत्येक शब्द त्याचा स्वतःचा होता. पेरणी, मोसम, गावकऱ्यांशी स्नेह हा साचा ‘हार्वेस्ट मून’चाच, तरीही कोणी बोट ठेवू शकले नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्याच साच्यात जिरायती शेत, चर, बांध आणि ग्रामसभा घातली तर त्याचा खेळही तितकाच निर्वेध ठरेल. एवढेच पाहावे, की ‘स्टारड्यू’चे कोंबडीचे चित्र त्यात चुकूनही राहू नये.

आपल्या रंगभूमीला हे तंत्र नवे नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’, जे १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आले, ते मोलिएरच्या प्रहसनाच्या इंग्रजी अवतारावरून उतरलेले; तरीही फाल्गुनरावाचा संशय आपल्याला तिळमात्र फ्रेंच वाटत नाही. मोलिएर १६७३ सालीच निवर्तला असल्याने देवलांना कोणाची परवानगी काढावी लागली नाही, हा योग; आज जिवंत किंवा अलीकडे दिवंगत झालेल्या लेखकाच्या कृतीचे रूपांतर करणे हा मात्र त्या लेखकाचा वा त्याच्या वारसांचाच हक्क आहे. ऐतिहासिक विषय निवडणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे: तानाजी आणि सिंहगड कोणाचेही नाहीत, आणि १९१९ साली वारलेल्या हरिभाऊ आपट्यांची त्यावरची कादंबरीही आता सर्वांची आहे, परंतु रणजित देसाई १९९२ साली निवर्तले, तेव्हा त्यांनी शिवचरित्रावर लिहिताना कल्पिलेले संवाद व प्रसंग इतिहास समजून खेळात घेता येणार नाहीत.

मराठी वाचकांपैकी ज्यांना आपल्या बालपणीच्या नायकावर खेळ करावासा वाटतो, त्यांच्यासाठी दोन तारखा नोंदवून ठेवतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. गोट्याचे जनक ना. धों. ताम्हनकर १९६१ साली वारले, म्हणून त्यांचा मूळ गोट्या १ जानेवारी २०२२ पासून सर्वांना मोकळा आहे. त्यावरची दूरदर्शन मालिका व नव्या आवृत्त्यांतली चित्रे मात्र नाहीत. फुरसुंगीच्या बनेश फेणेचे, म्हणजेच फास्टर फेणेचे, जनक भा. रा. भागवत २००१ साली गेले, तेव्हा त्याच्यासाठी ३१ डिसेंबर २०६१ उलटावी लागेल. तोवर धीर नसेल तर सायकल, चौकड्यांचा शर्ट आणि तो प्रसिद्ध ‘टॉक्’ हे सगळे बाजूस ठेवून, वाऱ्याच्या वेगाने संकटात शिरणारा आपला स्वतःचा मुलगा निर्माण करावा. नाहीतर हक्कदारांना रीतसर पत्र लिहून परवानगी मागावी. ती मिळाली तर लेखीच घ्यावी, आणि तीत मुदत व प्रदेश स्पष्ट लिहून घ्यावा. कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.